बागेसाठी दगड किती मागवायचा? नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

बंगल्यांच्या आणि फार्महाऊसच्या बागा करताना मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "एक डंपर पुरेल का हो?" त्यावर मी उलट विचारतो, "थर किती इंचांचा टाकायचाय?" बहुतेक वेळा समोर शांतता पसरते. लांबी-रुंदी सगळे मोजतात, जाडी कुणीच मोजत नाही, आणि अंदाज चुकतो तो तिथेच. खालचे प्रश्न गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंतच्या ग्राहकांनी या ना त्या शब्दांत विचारलेले आहेत.

ब्रास म्हणजे नेमकं किती?

१०० घनफूट. म्हणजे १० फूट लांब, १० फूट रुंद आणि १ फूट उंच एवढी जागा भरेल इतका माल. खडी, डबर (बांधकामाचे मोठे ओबडधोबड दगड), मुरूम, क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू), सगळ्याला हेच माप. घनमीटरमध्ये सांगायचं तर १ ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, आणि १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. आर्किटेक्टचा नकाशा मीटरमध्ये असतो आणि खडीवाला ब्रासमध्ये बोलतो, म्हणून हे दोन आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

हिशेब करायची सोपी रीत आहे का?

आहे. लांबी आणि रुंदी फुटांत घ्या, गुणाकार करा, तो थराच्या इंचांनी गुणा आणि १२ ने भागा. आले घनफूट. त्यांना १०० ने भागलं की ब्रास.

त्याहून सोपं हवं असेल तर बाराशेला इंचांनी भागा. जे उत्तर येईल तेवढे चौरस फूट एका ब्रासमध्ये झाकले जातात. २ इंचांचा थर असेल तर ६०० चौरस फूट, ३ इंचांना ४००, ४ इंचांना ३०० आणि ६ इंचांना २००. साइटवर उभ्या उभ्या मी हाच हिशेब करतो. गुंठ्यात विचार करणाऱ्यांसाठी: १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे गुंठाभर जागेवर ३ इंच खडी पसरायला पावणेतीन ब्रासच्या आसपास लागते. हा आकडा ऐकून पुष्कळांचा बेत दोन गुंठ्यांवरून पाव गुंठ्यावर येतो, आणि बागेच्या दृष्टीने ते बरंच असतं.

जाडी किती धरायची?

तिथून काय जाणार त्यावर ते ठरतं. नुसती पायवाट असेल आणि १० ते १२ मिलिमीटरची बारीक खडी किंवा गोटे असतील, तर २ इंच पुरे. त्याहून जास्त टाकलंत तर पाय रुततो, आजी-आजोबांना चालता येत नाही आणि व्हीलचेअर तर अडकतेच. झाडाच्या आळ्यात किंवा कुंपणाच्या कडेला शोभेसाठी ३ इंच टाका. तिथे २० ते ४० मिलिमीटरचे गोटे असतात आणि थर निदान दोन गोट्यांइतका जाड नसेल तर खालची माती डोकावते. "इंचभर पसरून टाका" असं सांगणारे भेटतात. तो इंच पहिल्या झाडण्यातच विस्कटतो.

गाडी जाणार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे दिसणारा थर २ इंचांचाच असतो, पण त्याच्याखाली काम असतं. एक उदाहरण घेऊ. गेटपासून पोर्चपर्यंत ३५ फूट लांब आणि १२ फूट रुंद रस्ता, म्हणजे ४२० चौरस फूट. खाली ४ इंच मुरूम, त्यावर ४ इंच ४० मिलिमीटरची खडी, वर २ इंच बारीक खडी. मुरूम दाबल्यावर १४० घनफूट भरायला हवा, पण तो दबतो म्हणून ३० टक्के जास्त धरून १८२ घनफूट, म्हणजे १.८ ब्रास. मोठी खडी २० टक्के जास्त धरून १६८ घनफूट, म्हणजे १.७ ब्रास. वरचा थर ७० घनफूट, त्यात १० टक्के वाढवून ७७ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास. बघा, डोळ्यांना दिसणारा माल पाऊण ब्रास आणि त्याला पेलणारा साडेतीन. कोटेशनमध्ये फक्त वरच्या थराचा आकडा लिहिलेला असेल तर खालचं काय, हे विचाराच.

आमची जमीन काळी आहे. त्याने फरक पडतो?

पडतो, आणि भरपूर पडतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वर टाकलेला दगड त्या भेगांत उतरतो, पुढच्या पावसात चिखल त्याला गिळतो. सुरुवातीच्या दिवसांत मखमलाबादकडच्या एका प्लॉटवर मी पांढरे गोटे थेट काळ्या मातीवर पसरले. दिसायला फोटो काढण्यासारखं झालं होतं. दोन पावसाळ्यांनी मालकीणबाईंनी बोलावलं, तर निम्मे गोटे जमिनीत आणि उरलेले तपकिरी! नवा माल मी माझ्या खिशातून भरला.

तेव्हापासून काळ्या जमिनीवर आधी खोदाई, मग मुरुमाचा दाबलेला थर, मग जिओटेक्सटाइल कापड (पाणी जाऊ देणारं, पण माती अडवणारं) आणि त्यावर दगड, हा क्रम मी मोडत नाही. कापड घेतलंत तर दगड कमी लागतो, कारण तो खाली जात नाही. साधं प्लॅस्टिक मात्र अंथरू नका, पाणी साचतं. प्लॉट मुरमाड असेल तर मुरुमाचा वेगळा थर बहुधा वाचतो, नुसती धुम्मस (जमीन ठोकून दाबायचं हत्यार) मारून लेव्हल केली तरी चालतं.

वाट वळणाची आहे, आळं गोल आहे. ते कसं मोजू?

वळणाच्या वाटेच्या मधोमध दोरी अंथरा, दोरीची लांबी टेपने मोजा आणि वाटेच्या रुंदीने गुणा. दोरी ४६ फूट भरली आणि वाट ३ फूट रुंद असेल तर १३८ चौरस फूट. कागदावर मोजण्याआधी जमिनीवर फक्की मारून, म्हणजे पांढऱ्या भुकटीने वाट आखून घ्या. फक्की मारल्यावर निम्म्या लोकांना वाट अरुंद वाटते आणि ते ती ४ फुटांची करतात. मग दगडही एक तृतीयांशाने वाढतो.

गोल आळ्यासाठी त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४. आंब्याभोवती १० फूट व्यासाचं आळं असेल तर ७८.५ चौरस फूट. त्यातून बुंध्याभोवतीचं ३ फूट व्यासाचं मोकळं वर्तुळ, म्हणजे ७ चौरस फूट वजा करा. बुंध्याला दगड टेकवायचा नाही, साल कुजते. उरले ७१ चौरस फूट, ३ इंचांच्या थराला जवळपास १८ घनफूट. अगदीच वेडावाकडा आकार असेल तर त्याचे चौकोन आणि त्रिकोण पाडा. चार-पाच तुकड्यांत काम भागतं.

एक जण ब्रासचा दर देतो, दुसरा टनाचा. तुलना कशी करायची?

आपल्याकडच्या काळ्या दगडाची खडी ब्रासला साधारण सव्वाचार ते साडेचार टन भरते. उलट बाजूने, एका टनात २३ घनफुटांच्या आसपास खडी येते. समजा एकाने टनाला ७०० रुपये सांगितले, तर ते ४.३ ने गुणा, ब्रासला ३०१० रुपये झाले. आता दुसऱ्याच्या दराशी ताडून बघा. वाहतूक, जीएसटी आणि उतरवणी धरून दर आहे का, हे दोघांनाही विचारा. खडीत दगडापेक्षा डिझेलचा खर्च बोचतो, त्यामुळे लांबच्या क्रशरचा (दगड फोडून खडी करणाऱ्या कारखान्याचा) स्वस्त दर घरी येईपर्यंत स्वस्त राहीलच असं नाही.

पण हा आकडा सगळीकडे सारखा का नसतो?

कारण दगड सारखा नसतो. आपला दगड म्हणजे बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर. ज्या थरात दगड घट्ट आहे तिथे घनमीटरला २.९ टनांपर्यंत वजन जातं. पण काही थरांत लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या आणि त्यांत पुढे पांढरी खनिजं भरली. स्टिल्बाइट, अपोफिलाइट वगैरे. हीच खनिजं सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेआड बघायला मिळतात. जगभरचे संग्राहक ज्यासाठी नाशिकचं नाव घेतात, तोच दगड आमच्या कामात मात्र डोकेदुखी! पांढरे ठिपके आणि भोकं असलेला डबर हलका भरतो, लवकर झिजतो आणि वाहत्या पाण्याच्या जागी टिकत नाही. घट्ट, काळाभोर आणि हातोडी मारल्यावर टणटण वाजणारा तुकडा घ्या. वजनावर माल घेत असाल तर आणखी एक लक्षात ठेवा, ओल्या मालाच्या वजनात पाण्याचेही पैसे जातात.

शोभेचे गोटे पोत्याने मिळतात. किती पोती?

१ घनफूट गोट्यांचं वजन साधारण ४५ किलो. त्यामुळे २ इंचांच्या थराला दर चौरस फुटामागे साडेसात किलो लागतात. वरची १३८ चौरस फुटांची वाट घ्या: २३ घनफूट, १० टक्के वाढवून २५.३, म्हणजे ११४० किलो, ५० किलोची २३ पोती. दुकानदार "आठ-दहा पोत्यांत होईल" म्हणाला तर तो खोटं बोलतोय असं नाही, त्याच्या डोळ्यांसमोर इंचभराचा थर आहे. पोत्यावरचं वजन वाचायला विसरू नका, २५, ४० आणि ५० किलो अशी तिन्ही पोती बाजारात असतात.

एक आगाऊ सल्ला. गुलमोहर, आंबा किंवा जांभळाखाली पांढरे गोटे नकोत. जांभळाचा डाग कशानेही जात नाही.

फरशीचं गणित असंच असतं का?

नाही. शहाबादी, कोटा किंवा तांदूर फरशी चौरस फुटावर मिळते, तेव्हा प्रश्न फक्त तुटफुटीचा. सरळ चौकोनी मांडणीला ५ ते ७ टक्के जास्त, तिरक्या मांडणीला १० ते १२ टक्के. शहाबादीच्या जाडीत एका लॉटमध्येही फरक असतो, हे धरून खालच्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याची तयारी ठेवा.

वेडेवाकडे तुकडे बसवायचे असतील तर माल बहुतेक टनावर येतो. १ इंच जाडीचा १ टन चुनखडीचा दगड, म्हणजे शहाबादी किंवा कोटा, १६० चौरस फुटांच्या आसपास पसरतो. काळा दगड १४५. जाडी दीड इंच झाली की क्षेत्र एक तृतीयांशाने घटतं. सांधे रुंद ठेवले तर दगड थोडा वाचतो, पण तुकडे जुळवताना १५ ते २० टक्के फोडून वाया जातात, म्हणून वाचलेलं तिथे खर्ची पडतं.

दगडी गडगा घालायचा आहे. डबर किती?

भिंतीचं घनफळ काढा आणि त्यात २० टक्के वाढवा. ४० फूट लांब, २ फूट उंच, खाली २ फूट आणि वर दीड फूट जाड असा गडगा घ्या. सरासरी जाडी पावणेदोन फूट, म्हणजे १४० घनफूट. जमिनीत १ फूट खोल आणि सव्वादोन फूट रुंद पाया, ९० घनफूट. पाया लोक हमखास विसरतात! एकूण २३० घनफूट, वाढीसह २७६, म्हणजे पावणेतीन ब्रास.

वाढ कशाला, तर गाडीत डबर कसाही पडलेला असतो आणि मध्ये पोकळ्या राहतात. भिंतीत तोच दगड घट्ट बसतो, त्यामुळे गाडीतला १ ब्रास भिंतीत १ ब्रास भरत नाही. शिवाय प्रत्येक गाडीत बसवता न येणारे गोल, ठिसूळ तुकडे निघतात. त्यांतले बरे तुकडे आत भरायला जातात. चांगला वडार किंवा पाथरवट लावलात तर तो फेकायच्या दगडातूनही चेहरा काढतो, नवख्याच्या हाती पाव गाडी ढिगातच राहते. दगडाचा अंदाज करण्याआधी काम कोण करणार हे ठरवा, आणि जमलं तर त्यालाच प्लॉटवर आणून आकडा विचारा. माझा आकडा आणि त्याचा आकडा जुळला नाही, तर मी त्याचा धरतो.

भिंतीऐवजी दगड भरलेल्या तारेच्या जाळीच्या पेट्या रचणार असाल तर २ मीटर लांब, १ मीटर रुंद, १ मीटर उंच पेटीला ०.७ ब्रास डबर लागतो. दगड जाळीच्या भोकापेक्षा मोठा हवा, हे सांगायला नको, पण एकदा सांगावं लागलं होतं.

लॉनमध्ये दोन-चार मोठे धोंडे ठेवायचे आहेत. ते कसे मोजतात?

नगावर किंवा वजनावर. गंमत अशी की आकार थोडा वाढला तरी वजन भलतंच वाढतं. २ फूट व्यासाचा गोलसर धोंडा ३०० ते ३५० किलोचा, आणि ३ फुटांचा थेट टनापलीकडे. पहिला चार-पाच माणसं पहारींनी सरकवतील, दुसऱ्याला क्रेन किंवा जेसीबी लागेल. कंपाउंडची भिंत बांधून झाल्यावर धोंडे आठवले, तर मशीन आत येणार कुठून? आणि हो, धोंड्याचा पाव भाग जमिनीत पुरायचा असतो, नाहीतर तो ट्रकमधून पडल्यासारखा दिसतो. म्हणून दिसायला हवा त्याहून एक माप मोठा निवडा.

जास्तीचा माल किती धरावा?

खडी-गोट्यांना १० टक्के पुरेत. दाबायच्या थरांचं आणि डबराचं वर आलंच आहे. रंगीत किंवा खास दगड असेल तर मात्र सगळा एकदम घ्या, कारण पुढच्या लॉटचा रंग जुळत नाही. साध्या काळ्या खडीला मी दोन टप्पे सुचवतो, आधी ८० टक्के, मग पसरून बघून उरलेली.

गाडी दारात आली. माल पुरता आहे हे कसं ओळखू?

रिकामी करण्याआधी टेप लावा. हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची मोजा. १४ फूट लांब, साडेसात फूट रुंद आणि ४ फूट उंच भरलेला हौदा म्हणजे ४२० घनफूट, ४.२ ब्रास. तोच माल सगळीकडे ६ इंच खाली असेल तर अर्ध्या ब्रासहून जास्त कमी भरला. मात्र लगेच चोरीचा आरोप करू नका, क्रशरवर काठोकाठ भरलेली खडी रस्त्याने हादरे खाऊन थोडी बसते. माप भरताना धरायचं की उतरवताना, हे ऑर्डर देतानाच बोलून घ्या. मी उतरवतानाचं धरतो.

गाडी रिकामी झाली की हौद्याच्या तळाशी एकदा बघा. एका पुरवठादाराच्या डंपरमध्ये आधीच्या ओल्या मुरुमाचा थर वाळून तळाला चिकटलेला होता, चांगला चार-पाच इंचांचा. प्रत्येक खेपेला तो आमच्या मापात मोजला जात होता. तिसऱ्या खेपेला लक्षात आलं.

ढीग आधीच पडला असेल तरी उपाय आहे. गोल शंकूसारख्या ढिगाची त्रिज्या स्वतःशी गुणा, मग उंचीने गुणा, आलेली संख्या जवळपास तेवढे घनफूट. १० फूट रुंद आणि ४ फूट उंच ढीग म्हणजे १ ब्रास, हे एकच चित्र डोक्यात ठेवलं तरी चालेल. डंपरचा ढीग लांबट पडतो, तेव्हा फावड्याने थोडा नीट करून घ्यावा लागतो. वजनावर घेतला असेल तर वजनकाट्याच्या दोन्ही पावत्या मागा, भरलेल्या गाडीची आणि रिकाम्या गाडीची.

कोणती गाडी सांगू?

ट्रॅक्टर ट्रॉलीत १ ब्रासच्या आसपास, सहाचाकी डंपरमध्ये अडीच आणि दहाचाकीत ४ ब्रास माल नियमात बसतो. पंचवटी किंवा जुन्या नाशकातल्या गल्लीत डंपर शिरत नाही, मग छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो येतो. त्याची क्षमता पाऊण टनाच्या आसपास, म्हणजे १ ब्रासला सहा खेपा. हा खर्च आधी धरा. गेटवर वीजतारा किती उंचीवर आहेत तेही बघा, डंपर हौदा उचलतो तेव्हा तो गाडीच्या दुप्पट उंच होतो.

पावसाळ्यात मागवला तर चालेल का?

खडी ओली झाल्याने फुगत नाही, तेवढी काळजी नको. क्रश सँड मात्र दमट असताना आकारमानाने २० ते २५ टक्क्यांपर्यंत फुगते, त्यामुळे मापाने घेतलेल्या ब्रासमध्ये माल कमी येतो. खरी अडचण वेगळीच: काळ्या जमिनीच्या प्लॉटवर जुलैत डंपर रुतला की त्याला ओढायला दुसरं मशीन आणा. इगतपुरी-त्र्यंबककडचं काम असेल तर मी मेअखेरीस सगळा दगड आत घेतो. सिंहस्थाच्या तयारीसारखी मोठी रस्त्याची कामं निघाली की खडी आणि डंपर दोन्ही अडतात, तेव्हा महिनाभर आधी बोलून ठेवलेलं बरं.

पावती कसली मागायची?

दगड, मुरूम, वाळू हे गौण खनिज. त्यावर सरकारची रॉयल्टी ब्रासवर लागते आणि वाहतुकीसाठी सरकारच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीवरचा परवाना लागतो. त्याची प्रत मागून ठेवा. त्यावर ब्रासचा आकडा छापलेला असतो, म्हणजे मापाचाही एक पुरावा हाती राहतो.

गोदावरीच्या पात्रातून गोटे आणले तर?

नको. परवानगीशिवाय ते उचलणं बेकायदा आहे.

काम झाल्यावर दगड उरला. काय करू?

बारीक खडीची दोन-तीन पोती भरून जिन्याखाली ठेवा. वर्षभरात वाटेच्या कडा खचतात, नळाखाली खड्डा पडतो, तिथे तीच खडी लागते. जास्त उरली असेल तर पन्हाळीचं पाणी जिथे पडतं तिथे दीड फूट खोल खड्डा घेऊन भरा, अंगणात चिखल उडायचा थांबतो. डबर उरला तर कंपोस्टच्या खड्ड्याला कडा करा. पुरवठादार मात्र तो परत नेणार नाही, मी विचारून पाहिलंय.